भैयासाहेब आंबेडकर : चैत्यभूमीमागचा माणूस

दर ६ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखो लोक रांगा लावतात. ज्या स्तूपापुढे ते माथा टेकवतात, तो उभा राहावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेल्या माणसाचे नाव मात्र त्या गर्दीत फारसे ऐकू येत नाही. ते म्हणजे बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंत, चळवळीचे भैयासाहेब.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. दोन महिने होण्याआधीच, फेब्रुवारी १९१३ मध्ये आजोबा रामजी सकपाळ वारले आणि त्याच वर्षी वडील कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेला गेले. ते परतले १९१७ मध्ये. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले ते १९२३ ला आले. म्हणजे वयाच्या पहिल्या दहा वर्षांतली जवळजवळ सात वर्षे या मुलाने वडिलांविना काढली. परळच्या चाळीत घर चालवले ते रमाबाईंनी, तेही अत्यंत ओढगस्तीत. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. उरले एकटे यशवंत, आणि त्यांचीही प्रकृती लहानपणापासून नाजूकच. २७ मे १९३५ रोजी रमाबाईही गेल्या. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

बॅरिस्टरांचा मुलगा म्हणून वडिलांच्या राजकारणात त्यांना आयती जागा मिळाली असे झाले नाही. बाबासाहेब हयात असेपर्यंत पक्षाच्या पहिल्या फळीत ते दिसतच नाहीत. त्यांच्या वाट्याला आला छापखाना. दादरच्या भारत भूषण प्रेसमध्ये बाबासाहेबांचे ‘जनता’ हे पत्र छापले जाई. प्रेसचे काम चुलतभाऊ मुकुंदराव आणि ते पाहत. आज हे काम किरकोळ वाटेल. पण त्या काळी खिळ्याला खिळा (धातूचे सुटे अक्षर) जुळवून पान उभे करायचे, प्रूफ तपासायचे, कागदाची उधारी सांभाळायची, आणि एवढे करून अंक वेळेवर टपालात टाकायचा. वर्गणीदार बहुतेक हातावर पोट असलेले, जाहिराती जवळपास नाहीतच. अग्रलेख लिहिणाऱ्याचे नाव राहते, अंक वेळेवर काढणाऱ्याचे राहत नाही. भैयासाहेबांची निम्मी उपेक्षा इथूनच सुरू होते, असे मला वाटते. १९५६ च्या फेब्रुवारीत ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पुढे या पत्राच्या संपादनाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली.

त्यांचे सार्वजनिक आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झाले ते ६ डिसेंबर १९५६ नंतर. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाले आणि त्याच ठिकाणी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी प्रचंड जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जेमतेम आठ आठवडे झाले होते. धर्मांतर झाले खरे, पण लग्न कसे लावायचे, नामकरण कसे करायचे, वंदना कोण शिकवणार, हे प्रश्न गावोगाव उभे होते. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेची सूत्रे भैयासाहेबांकडे आली, आणि उरलेली वीसएक वर्षे त्यांनी प्रामुख्याने याच कामाला दिली.

राजकारणाशी त्यांचा संबंध आला नाही असे नाही. ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते. पण १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांच्या आत दुरुस्त आणि नादुरुस्त अशा गटांत फुटला, आणि नेत्याच्या मुलाचे आडनाव हे फाटे सांधू शकले नाही. घरातही सगळे सुरळीत नव्हते. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये डॉ. सविता (माईसाहेब) यांच्याशी विवाह केला होता. त्यांच्या पश्चात वारसाहक्काचा वाद कोर्टात गेला. त्यात बाबासाहेबांचे बरेच अप्रकाशित लेखन अडकून पडले. राज्य शासनाने ग्रंथखंड काढायला सुरुवात केली ती १९७९ मध्ये. या दिरंगाईचा दोष एकाच बाजूच्या पदरात टाकणे सोपे आहे, पण रास्त नाही.

चैत्यभूमीचे काम मात्र त्यांनी हट्टाने तडीस नेले. साठच्या दशकात बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, महूहून मुंबईपर्यंत भीमज्योत काढून त्यांनी लोकांकडून निधी गोळा केला. ५ डिसेंबर १९७१ रोजी स्तूपाचे उद्घाटन झाले, ते त्यांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते.

१७ सप्टेंबर १९७७ रोजी भैयासाहेबांचे निधन झाले. महासभेची धुरा मीराताईंनी उचलली. त्या वेळी थोरले चिरंजीव प्रकाश तेवीस वर्षांचे होते. पुढे प्रकाश यांनी निवडणुकीचे राजकारण निवडले, त्यांचे धाकटे भाऊ भीमराव बौद्ध महासभेच्या कामात राहिले आणि आनंदराज यांनी रिपब्लिकन सेना काढली. दादरच्या आंबेडकर भवनातील छापखाना, ज्याचे नाव एव्हाना बुद्ध भूषण झाले होते, जून २०१६ मध्ये एका रात्रीत इमारतीसकट पाडला गेला तेव्हा हे तिघेही भाऊ विरोधात उभे राहिले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईत मोठा मोर्चा निघाला.