अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज आणि गावाकडचा जुना गुन्हा: काय सांगावे, कोणते कागद जोडावेत

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांतून शिकून अमेरिकेत गेलेल्या आणि ग्रीन कार्डावर पाच वर्षे पूर्ण केलेल्या अनेकांची एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरताना एकाच प्रश्नापाशी अडचण होते. तुम्हाला अमेरिकेत किंवा अन्यत्र कधी अटक झाली आहे का, पोलिसांनी ताब्यात घेतले आहे का, दंडाची पावती दिली आहे का किंवा तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे का, असे तिथे विचारलेले असते. या प्रश्नाला काळाची मर्यादा नाही आणि देशाचीही नाही. त्यामुळे धुऱ्याच्या वादातून झालेल्या मारहाणीची जुनी केस, पोळ्याच्या दिवसांत जुगारावर पडलेली धाड, वर्धा किंवा गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटलीसह पकडले गेल्याचे प्रकरण, हे सगळे तिथे लिहावे लागते.

अर्जदाराने मागील पाच वर्षांत, आणि अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत राहून अर्ज केल्यास तीन वर्षांत, चांगले चारित्र्य राखले असल्याचे सिद्ध करायचे असते. ही मुदत अर्जाच्या दिवशी संपत नाही, ती शपथविधीपर्यंत चालू राहते. भारतातला जुना किरकोळ गुन्हा बहुधा या मुदतीच्या बाहेर पडतो आणि एकट्याने अर्ज बुडवत नाही, मात्र अधिकाऱ्याला त्यापूर्वीचे वर्तनही विचारात घेण्याची मुभा आहे. अर्ज खरोखर बुडतो तो लपवाछपवीमुळे. मुलाखत शपथेवर होते, आणि नागरिकत्वाचा लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर खोटे सांगितले तर चांगल्या चारित्र्याचा दावा तिथेच संपतो. लपवलेली गोष्ट महत्त्वाची होती की क्षुल्लक, हे त्यात पाहिले जात नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले आहे. जी केस सांगितली असती तर अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारून बाजूला ठेवली असती, तीच लपवल्यामुळे अर्ज फेटाळला जावा, यासारखे दुर्दैव नाही.

आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज आहे तो गुन्हा कबूल करून दंड भरण्याबाबत. पेशीला वारंवार येणे परवडत नाही म्हणून, किंवा लोकअदालतीत एकदाचे मिटवावे म्हणून, आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय दंड किंवा न्यायालय उठेपर्यंतची कैद देते, आणि घरचे म्हणतात की केस संपली. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यानुसार मात्र कबुली आणि तिच्यापाठोपाठ झालेली कोणतीही शिक्षा म्हणजे दोषसिद्धी होय. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर झालेली सुटकाही सामान्यतः त्यातच मोडते, कारण दोषी ठरवूनच ती दिलेली असते. याउलट, फिर्यादीशी कायदेशीर तडजोड होऊन आरोपी निर्दोष सुटला असेल तर ती दोषसिद्धी नाही. तरीही अटक झाली होती, गुन्हा दाखल झाला होता, हे सांगावे लागतेच. पोलिसांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ किंवा ११० खाली केलेल्या चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता किंवा चांगली वर्तणूक राखण्याचे बंधपत्र घेण्याच्या कारवाईत, शिक्षा नसते, परंतु ताब्यात घेतले असल्यास उत्तर ‘हो’ असेच येते.

काही किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्यांकडे वेगळे लक्ष द्यावे. ठरलेल्या मुदतीत जुगाराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरलेली व्यक्ती कायद्याने अपात्र ठरते. चोरीसारख्या नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात एकाच किरकोळ गुन्ह्यापुरती सवलत आहे, पण ती प्रत्यक्ष झालेल्या शिक्षेवरच अवलंबून नाही. त्या कलमाखाली जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतचीच कैद होऊ शकत असेल, तरच ती मिळते. जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या चोरीविषयीच्या कलम ३७९ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती, म्हणून केवळ दंड भरून सुटलेला माणूसही त्या सवलतीत बसत नाही. गांजाबाबत तर अमेरिकेतल्या राज्याची परवानगीही उपयोगी पडत नाही, कारण केंद्रीय कायद्यानुसार तो अजूनही नियंत्रित पदार्थ आहे आणि सेवनाची कबुलीसुद्धा अडथळा ठरू शकते. वाहतुकीच्या दंडाचे तसे नाही. अटक झाली नसेल, दंड ५०० डॉलरपेक्षा कमी असेल आणि दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर कागद जोडावे लागत नाहीत. हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) ऑगस्ट २०२५ च्या सूचनेनंतर मात्र वारंवार किंवा बेदरकारपणे केलेले वाहतूक नियमभंगही चारित्र्याच्या मूल्यमापनात पाहिले जातात.

कागद जमवण्याचे काम गावाकडच्या वडिलांवर किंवा भावावर येते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. प्रथम पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक आणि एफआयआरची प्रत घ्यावी. त्यावरून ई-कोर्टच्या संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक शोधता येतो. किरकोळ प्रकरणे बहुधा एससीसी (समरी क्रिमिनल केस) आणि इतर आरसीसी (रेग्युलर क्रिमिनल केस) या मालिकेत नोंदलेली असतात. मग ज्या तालुक्याच्या न्यायालयात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित प्रत मागावी आणि दंड भरल्याची पावती किंवा शिक्षा पूर्ण झाल्याचा पुरावा सोबत घ्यावा. साधी झेरॉक्स चालत नाही, शिक्का आणि सही हवी. आरोपपत्रच दाखल झाले नसेल आणि पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवली असेल, तर तो अहवाल व त्यावरील न्यायालयाचा आदेश घ्यावा. जुन्या प्रकरणांचे कागद नियमानुसार नष्ट केलेले असू शकतात. अशा वेळी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे लेखी पत्र न्यायालयाकडून मिळवावे आणि नोंदवहीचा उतारा मिळत असल्यास तोही घ्यावा. गावाकडच्या फिर्यादीत टोपणनाव किंवा आडनावाचे वेगळे लेखन असते, ते पासपोर्टशी जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. मराठी कागदांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, आणि ते अचूक असून आपण दोन्ही भाषा जाणतो असे भाषांतरकाराने लिहून सही करावी लागते.

खटला प्रलंबित असेल, किंवा पेशीला न गेल्याने वॉरंट निघाले असेल, तर आधी वकिलामार्फत ते मिटवावे, कारण प्रलंबित खटल्यामुळे अर्ज रखडतो किंवा फेटाळला जाऊ शकतो. परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी न्यायालयाच्या अटींवर सुटलेले, असेपर्यंत तर मंजुरी मिळतच नाही. मुलाखत उत्तीर्ण झाल्यावर गावी येऊन कोणाशी वाद झाला आणि गुन्हा नोंदवला गेला, तर शपथविधीच्या दिवशी द्यायच्या एन-४४५ या फॉर्मवर तेही लिहावे लागते.

व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डाच्या अर्जात पूर्वी ‘नाही’ असे लिहिले असेल, तर एन-४०० भरण्याआधीच अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला सर्व जुने अर्ज दाखवावेत. अशा विसंगतीतून केवळ नागरिकत्व नाकारले जात नाही, तर ग्रीन कार्ड धोक्यात येऊन देशाबाहेर पाठवण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.