फझ टोन (हेवी रॉक गिटार)

फझ म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल मुद्दाम इतका वाढवायचा की त्याची वरची आणि खालची टोकं कापली जातात, गोलसर तरंग जवळपास चौकोनी होतो आणि सूर फाटका, केसाळ, भुणभुणता ऐकू येतो. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ यांच्यातली सीमा कुणी ठामपणे आखलेली नाही. ढोबळ फरक असा, की ओव्हरड्राइव्हमध्ये अ‍ॅम्प दमल्यासारखा वाटतो आणि फझमध्ये काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. ही बिघाडाची गोष्ट नुसती उपमा नाही, फझचा उगमच बिघाडात आहे, आणि कुठला बिघाड पहिला यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही.

उगमाचा वाद

सगळ्यात जुना दावा १९५१ चा. मेम्फिसमध्ये रेकॉर्ड झालेल्या 'रॉकेट ८८' मध्ये आयक टर्नरच्या बँडचा गिटारवादक विली किझार्टचा अ‍ॅम्प खराब झालेला होता. एका आठवणीत तो वाटेत गाडीवरून पडला, दुसऱ्या आठवणीत पावसात भिजला. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सनं फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून तसंच रेकॉर्डिंग केलं एवढं मात्र बहुतेक जण मान्य करतात. पुढे १९५६ मध्ये जॉनी बर्नेटच्या रॉक अँड रोल ट्रिओच्या रेकॉर्डिंगवर असाच फाटका आवाज आहे. गिटारवादक पॉल बर्लिसन म्हणायचा की अ‍ॅम्प पडला, आतली एक ट्यूब सैल झाली आणि आवाज आवडला म्हणून तो नंतर मुद्दाम ती सैल करायचा. पण त्या रेकॉर्डवर मुळात बर्लिसन वाजवतोय की नॅशव्हिलचा स्टुडिओ-वादक ग्रेडी मार्टिन, यावरच वाद आहे. नंतरच्या संशोधकांचा कल मार्टिनकडे दिसतो. १९५८ मध्ये लिंक रे यानं अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली, १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या एल्पिको अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडनं चिरला.

हे सगळं फझचे पूर्वज म्हणून धरायला हरकत नाही, पण फझ म्हणून नको असं प्रस्तुत नोंदीचं मत आहे, कारण यात आवाज फाटतो तो अ‍ॅम्पात किंवा स्पीकरच्या कागदात. गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधल्या वायरीत आधीच फाटलेला सिग्नल, पायानं चालू-बंद करता येणारा, ही कल्पना वेगळी आहे आणि तिचा धागा नॅशव्हिलपर्यंत नीट मागे नेता येतो. १९६० च्या अखेरीस किंवा १९६१ च्या अगदी सुरुवातीला (रेकॉर्ड १९६१ मध्ये बाहेर आली) मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं काम चालू होतं. तोच ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर सोलो वाजवत होता आणि मिक्सरच्या त्या एका चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर ऐन वेळी गेला. शांत, पियानो-बियानो असलेलं प्रेमगीत चालू असताना मधूनच एखादी अवजड बोट भोंगा वाजवत आल्यासारखा तो सोलो येतो, आज ऐकला तरी दचकायला होतं. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी. तो सोलो काढून न टाकता तसाच ठेवला गेला, रेकॉर्ड चालली, आणि मार्टिननं १९६१ मध्येच याच आवाजावर 'द फझ' नावाची एक वाद्यधून काढली, म्हणजे हे नावही तेव्हाच रुळलं असावं.

खराब चॅनेल पुढे पूर्णच बंद पडला. आवाज तर लोकांना हवा होता, मग स्नॉडीनं रेव्हिस हॉब्सला बरोबर घेऊन तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये बांधला आणि तो गिब्सन कंपनीला दिला. पेटंटचा अर्ज १९६२ चा, मंजुरी १९६५ ची. १९६२ मध्ये आलेला गिब्सनचा माएस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन म्हणजे बाजारात रीतसर विकला गेलेला पहिला फझ पेडल असं सर्वसाधारणपणे मानतात: तीन जर्मेनियम (अर्धवाहक मूलद्रव्य) ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तिरप्या डबीसारखा आकार. त्याच सुमारास रेड ऱ्होड्सनं बनवलेला फझ व्हेंचर्स या बँडनी १९६२ मध्ये रेकॉर्डवर वापरला, त्यामुळे 'पहिला' हा शब्द जरा जपूनच वापरलेला बरा.

कंपनीनं हा पेडल विकताना सांगितलं की यानं गिटार ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, चेलोसारखी वाजते. पहिल्या लाटेनंतर दुकानदारांकडचा माल पडून राहिला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिसफॅक्शन'ला कीथ रिचर्ड्सनं हाच पेडल लावला, आणि तोही नंतर तिथे ब्रास वाद्यं येतील या हिशोबानं, नुसता कच्चा आराखडा म्हणून. आराखडाच प्रसिद्ध झाला, पेडल दुकानातून संपले. (ओटिस रेडिंगनं त्याच वर्षी ते गाणं खरोखरच्या ब्रास वाद्यांवर केलं, म्हणजे जाहिरात अगदीच खोटी नव्हती.)

लंडनची शाखा

माएस्ट्रोचा सूर लवकर विझतो, नोट लावली की थोडा वेळ बझ होऊन एकदम कापली जाते. लंडनमध्ये गॅरी हर्स्टनं तो आराखडा बदलून सूर जास्त वेळ टिकेल असा टोन बेंडर १९६५ मध्ये केला आणि तो सोला साउंडच्या नावानं विकला गेला. १९६६ मध्ये त्याची दोन ट्रान्झिस्टरची आवृत्ती आली, जिला संग्राहक मार्क दीड म्हणतात, आणि त्याच वर्षी आर्बिटर कंपनीचा गोल फझ फेस आला. हा गोल आकार आयव्हर आर्बिटरला माइकच्या स्टँडचा बुडखा बघून सुचला असं सांगतात. मार्क दीड आणि फझ फेस यांची सर्किटं जवळजवळ एकच आहेत. कुणी कुणाचं घेतलं? बरेच अभ्यासक मार्क दीडला काही महिने आधीचा मानतात आणि ते पटण्यासारखं आहे, पण तशीच दोन ट्रान्झिस्टरची जोडी ट्रान्झिस्टर कंपन्यांच्या तांत्रिक पुस्तिकांमध्ये आधीपासून छापलेली होती असंही दाखवलं जातं, त्यामुळे दोघांनी एकाच पाण्यात हात धुतले असण्याची शक्यता उरतेच.

जर्मेनियम आणि गळती

फझ फेसमध्ये भाग मोजून डझनभर. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर (३३ किलोओहम, ८.२ किलोओहम, ४७० ओहम, १०० किलोओहम), तीन कपॅसिटर, दोन नॉब. इतकं साधं असूनही दोन फझ फेस सारखे वाजत नाहीत आणि दोष सगळा ट्रान्झिस्टरचा. सुरुवातीला एनकेटी२७५ किंवा एसी१२८ हे जर्मेनियमचे असायचे, साठचं दशक संपता संपता बीसी१८३, बीसी१०८ असे सिलिकॉनचे आले. जर्मेनियममध्ये सिग्नल नसतानाही थोडा करंट झिरपत राहतो, त्याला गळती म्हणतात, आणि ही गळती साधारण दर ८ ते १० अंश सेल्सिअसला दुप्पट होते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (बेस, कलेक्टर, एमिटर अशा तीन पायांपैकी एक) ९ व्होल्टच्या बॅटरीत साधारण ४.५ व्होल्ट असले की तरंग दोन्ही बाजूंनी नीट कापला जातो. स्टेजच्या दिव्यांखाली पेडल तापला की हा आकडा सरकतो, मग नोट तुटक, थुंकल्यासारखी येते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या काळात ढिगातून कानानं पेडल निवडायची पद्धत होती ती याचमुळे.

ट्रान्झिस्टर पारखायची एक जुनी युक्ती जोडकाम करणाऱ्यांमध्ये रूढ आहे. कलेक्टरला २.४७ किलोओहम (नेमकं धरायचं तर २४७२ ओहम) रेझिस्टर लावायचा, ९ व्होल्ट द्यायचे, बेस मोकळा सोडून रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघायचा. समजा ०.२५ व्होल्ट आला, तर गळती सुमारे १०० मायक्रोअ‍ॅम्पिअर. मग बेसला २.२ मेगओहममधून सुमारे ४ मायक्रोअ‍ॅम्पिअर द्यायचा. आता व्होल्टेज १.०५ झाला तर साधा मीटर गेन (करंट किती पट वाढतो ते) १०५ समजेल, पण खरा गेन १.०५ वजा ०.२५, म्हणजे ०.८ गुणिले १००, ८० इतकाच. पहिल्या जागेला ७०-८० च्या आसपासचा आणि दुसऱ्या जागेला ११०-१३० चा गेन चांगला वाजतो असा प्रचलित ठोकताळा आहे. हे करताना ट्रान्झिस्टर बोटांनी धरून ठेवायचा नाही, हाताच्या उबेनंच मीटरवरचा आकडा चढत जातो आणि मग बसा वाट बघत.

सिलिकॉन वाईट आणि जर्मेनियम चांगलं असा जो समज पसरलाय तो तेवढासा खरा नाही. सिलिकॉनला गेन कित्येक शे, तापमानाचा त्रास कमी, आवाज जास्त टोकदार आणि कडक, कधीकधी आसपासचं रेडिओ स्टेशनही पकडतो. हेंड्रिक्सनं दोन्ही प्रकार वाजवले.

बिग मफ

न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूजनं बॉब मायरकडून करून घेतलेला बिग मफ पाय साधारण १९६९ चा. पूर्वी तो १९७१ चा धरायचे, पण जुन्या पेडलांमधल्या भागांवरचे तारखेचे कोड बघता आधीची तारीख जास्त पटते. चार सिलिकॉन ट्रान्झिस्टर, मधल्या दोन टप्प्यांत तरंग कापणारे डायोड, त्यामुळे दोनदा कापलेला, गुळगुळीत आणि न संपणारा सूर. त्याचा टोन नॉब मध्यावर असताना १ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग खड्ड्यात जातो. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज भिंतीएवढा वाटतो आणि बँडमध्ये ड्रम सुरू झाले की गिटार गायब, कारण गिटार ऐकू येते ती नेमकी त्याच पट्ट्यातून. म्हणून अ‍ॅम्पवरचा मिड (मधल्या पट्ट्याचा नॉब) चढवून ठेवतात. ट्रँगल, रॅम्स हेड, ऑप-अ‍ॅम्प अशा आवृत्त्यांची टोपणनावं संग्राहकांनी दिलेली आहेत, कंपनीनं नाही.

जपानमधल्या शिन-एई कंपनीनं बनवलेला युनिव्हॉक्स सुपर-फझ वेगळ्या जातीचा, तो तरंगाची खालची बाजू वर उलटवतो त्यामुळे वरच्या सप्तकातला सूरही मिसळतो. द हू बँडच्या पीट टाउनशेंडनं तो वापरला.

जड आवाज कशात आहे

आवाज डबीत शोधणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण साखळीत डबी हा एक दुवा आहे आणि बाकीचं काम गिटारचा व्हॉल्युम नॉब, अ‍ॅम्प आणि स्पीकर करतात. ब्लू चीअर या बँडनं १९६८ मध्ये मार्शल अ‍ॅम्पच्या रांगेसमोर फझ लावला, ग्रँड फंक रेलरोडच्या मार्क फार्नरच्या गिटारमध्येच फझ बसवलेला होता, पण ज्या बँडकडे हेवी टोन म्हटलं की बोट जातं त्या ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या सुरुवातीच्या आवाजात फझ पेडल नाहीच. तिथे डॅलस रेंजमास्टर हा एका जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा ट्रेबल बूस्टर होता, तोही बदल केलेला, आणि पुढे लेनी अ‍ॅम्प पूर्ण ताणलेला. कारखान्यात बोटांची टोकं गमावल्यामुळे हलक्या तारा, आणि १९७१ पासून गिटार दीड स्वर खाली उतरवलेली.

तेव्हाच्या मार्शलना मास्टर व्हॉल्युम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नव्हता, तो १९७५ ला आला. म्हणजे अ‍ॅम्प फाटवायचा तर तो कर्कश मोठाच करावा लागायचा, आणि फझ अशा आधीच फाटायच्या बेतात असलेल्या अ‍ॅम्पात गेला की त्याच्या कडा घासल्या जातात. एकदम क्लीन, कमी आवाजातल्या अ‍ॅम्पात तोच फझ माशी बाटलीत अडकल्यासारखा वाटतो. चार बारा-इंची स्पीकरांची बंद पेटी वरची कर्कश टोकं गाळते हेही तितकंच महत्त्वाचं.

गिटार आणि फझ फेसच्या मध्ये काही नको, हा जुना नियम सर्किटमधूनच येतो. फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) खूप कमी, तो पिकअपवर (तारेची थरथर टिपणाऱ्या भागावर) भार टाकतो आणि पिकअपचं वेटोळं जणू सर्किटचाच भाग होतं. गिटारचा व्हॉल्युम १० वरून ८ वर आणला की आवाज फारसा कमी होत नाही पण फझ विरघळतो, ५-६ वर तर चकचकीत, काचेसारखा क्लीन येतो. मध्ये बफर (पिकअपला पुढच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारा भाग) असलेला पेडल ठेवला की हे सगळं मोडतं, सूर कोरडा आणि चिरका होतो. बिग मफला याचं फारसं काही वाटत नाही. जुन्या जर्मेनियम फझची अजून एक खोड म्हणजे बॅटरीची धन बाजू ग्राउंडला असते, बाकी पेडलांच्या अडॅप्टरवर तो जोडला तर शॉर्ट होतो, म्हणून त्याला आपली वेगळी बॅटरी, जुन्या पद्धतीची कार्बन-झिंक असेल तर उत्तम.

पूर्ण कॉर्ड फझमध्ये चिखल होतो, पॉवर कॉर्ड का चालते त्याला गणित आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे नुसते सा आणि प. सा ११० हर्ट्झ धरला तर प १६५. तरंग कापला गेला की दोन सुरांच्या फरकाचा सूरही तयार होतो: १६५ वजा ११०, ५५ हर्ट्झ, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा, जो कुणी वाजवलेलाच नाही. फझचा जो पोटात जाणवणारा जडपणा म्हणतात त्यात याचा वाटा मोठा आहे. गंधार मिसळला की फरकांचे सूर वाढत जातात, आणि ट्यूनिंग थोडं जरी हललेलं असलं तरी ते एकमेकांशी भांडायला लागतात.

नंतरचा काळ

सत्तरच्या मध्यानंतर मास्टर व्हॉल्युम आणि डिस्टॉर्शन पेडलांमुळे फझ मागे पडला. मडहनी या बँडनं १९८८ मध्ये आपल्या रेकॉर्डच्या नावातच सुपरफझ आणि बिगमफ जोडून टाकले, नव्वदच्या दशकात कायस, स्लीप, फू मांचू या बँडनी खाली उतरवलेल्या गिटारवर फझ परत आणला आणि जुन्या पेडलांच्या प्रतिकृती बनवणारे छोटे कारागीर उभे राहिले. या प्रतिकृतींमध्ये जुन्या साठ्यातले जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरतात. त्यावर छापलेला नंबर बघून आवाज ठरत नाही, कारण एकाच नंबरच्या दोन नगांचा गेन आणि गळती दुपटीनं वेगळी निघू शकते.