झटका लशीमुळे नव्हे, धोका आजारात होता

सारसबागेत सकाळी फिरणाऱ्यांपैकी कुणाला अर्धांगवायूचा झटका आला, की हमखास ऐकू येतं, “कोविशील्ड घेतली होती ना!” कोरोनाची ही लस पुण्यातच, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, त्यामुळे ही समजूत इथे घट्ट बसली आहे.

त्यात तथ्य एवढंच, की या लशीनंतर काही आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) घटल्याची अगदी विरळ उदाहरणं आहेत. चार-पाच वर्षांनी आलेला झटका तिच्या माथी मारणं चूक आहे.

मोठा धोका कोरोनातच होता. आजार तीव्र झाला की शरीरभर दाह होतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि रक्त गोठू लागतं. म्हणून तर वॉर्डात डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) तपासून पोटावर हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देत. इंग्लंडमधल्या २.९ कोटी लस घेतलेल्यांच्या २०२१च्या अभ्यासात गुठळीमुळे येणाऱ्या झटक्याचा धोका लशीपेक्षा संसर्गानंतर कितीतरी जास्त दिसला. पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो, मग ओसरतो.

आजच्या झटक्याचं मूळ बहुतेकदा रक्तदाब, मधुमेह, तंबाखूत सापडतं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.