जलप्रलय कोणत्या थरापाशी संपला? मराठवाड्यातील जीवाश्मांच्या बायबलनिष्ठ अर्थाची पार्श्वभूमी

पैठण परिसरात गोदावरीच्या आणि लातूर जिल्ह्यात मांजरेच्या जुन्या गाळात हत्ती व रानबैलांची अश्मीभूत हाडे सापडतात. उत्पत्तीचे पुस्तक, म्हणजे नोहाच्या काळच्या जगबुडीची कथा सांगणारा बायबलचा पहिला ग्रंथ, शब्दशः इतिहास मानणारे बहुतेक अभ्यासक आज अशी हाडे जलप्रलयानंतरच्या हिमयुगातील समजतात. हे मत पूर्वीपासूनचे नाही. १८२०च्या दशकात इंग्लंडमधील धर्मगुरू-भूवैज्ञानिकांनी नेमक्या अशाच गाळाला आणि हाडांना नोहाच्या प्रलयाचा पुरावा ठरवले होते. सगळीकडचा गाळ एकाच वेळचा नाही हे ध्यानात आल्यावर त्यांच्यातील एका अग्रणीने १८३१ मध्ये ते मत जाहीरपणे मागे घेतले.

सध्याची मांडणी मुख्यतः १९६१ नंतरची आहे. त्या वर्षी अमेरिकेतील एक धर्मशास्त्रज्ञ आणि एक जल-अभियंता यांच्या संयुक्त ग्रंथाने, जीवाश्म असलेले बहुतेक खडक वर्षभराच्या प्रलयात साचले, असे प्रतिपादन केले. तळाच्या थरांत समुद्रजीव आणि वर सस्तन प्राणी का, याचे उत्तर त्यात प्राण्यांचे मूळ वसतिस्थान, पाण्यातील वर्गवारी आणि पळून जाण्याची क्षमता यांत शोधले होते. पुढे १९८२ आणि १९८७ मध्ये तिथल्या न्यायालयांनी हा विषय विज्ञान म्हणून शाळांत शिकवण्याची सक्ती करणारे कायदे रद्द केले, तरी त्याचा अभ्यास खासगी संस्थांत चालूच राहिला.

या अभ्यासकांमधला सर्वांत चिवट वाद मात्र न्यायालयाबाहेरचा आहे: खडकांच्या क्रमात प्रलयाचा शेवट कुठे मानायचा? एक गट ती रेषा डायनोसॉर नाहीसे होतात तिथे ओढतो, तर दुसरा ती बरीच वर, हिमयुगाच्या अलीकडे-पलीकडे नेतो. मराठवाड्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण इथला जवळजवळ सगळा काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, ज्याचे वय भूविज्ञान सुमारे ६.६ कोटी वर्षे सांगते, पहिल्या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. पहिला गट मान्य केला तर लाव्हाचे काही थर प्रलयातले आणि काही नंतरचे ठरतात. दुसरा मान्य केला तर सगळेच प्रलयातले.

दोन्ही गटांपुढची खरी अडचण लाव्हाच्या थरांमधल्या जागेत आहे आणि तिला मिळते त्याहून कितीतरी अधिक लक्ष मिळायला हवे. इथल्या घाटांत व विहिरींच्या कापांत दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. त्यांतले बरेच खालचा खडक हवा-पावसात झिजून तयार झाले आहेत, म्हणजे तेव्हा तिथे पाण्याबाहेर उघडी जमीन होती. विदर्भाच्या बाजूला अशाच मधल्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि ताडवर्गीय झाडांचे अवशेष मिळतात, आणि नर्मदेच्या खोऱ्यात लाव्हाखालच्या थरांत डायनोसॉरची घरटी आहेत. पाणी मधूनमधून ओसरून तात्पुरती जमीन उघडी पडली आणि प्राण्यांनी तिथे घाईने अंडी घातली, असे प्रलयवादी सांगतात. अंड्यांपुरते ते स्पष्टीकरण ऐकून घेता येते. पण ज्या तळ्यात गोगलगाई पिढ्यानपिढ्या वाढल्या, त्या तळ्याला ते पुरत नाही.