तिसरा शिरोबिंदू आणि वजाचे चिन्ह

त्रिकोणाचे दोन शिरोबिंदू अ, ब आणि मध्यगासंपात ग (शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याला जोडणाऱ्या रेषा, म्हणजे मध्यगा, जिथे मिळतात तो बिंदू) दिला आहे, तिसरा शिरोबिंदू क काढा. निर्देशक भूमितीतले हे हुकमी गणित तीन ओळींत सुटते. त्यात चूक होते ती बहुधा वजाच्या चिन्हाची, आणि निर्देशक भूमितीच्या इतिहासातही नेमके तेच चिन्ह उशिरा रुळले.

मध्यगा जिथे मिळतात तिथेच त्रिकोणी पत्र्याचा तोल साधतो, हे आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले. निर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या संख्या, तेव्हा नव्हते. हरवलेला कोपरा हवा असेल तर आकृतीच काढायची: अब या बाजूचा मध्य म, मग म पासून सरळ रेषेत ग पर्यंत जायचे आणि त्याच रेषेत पुढे मग च्या दुप्पट अंतर गेले की क.

बिंदूंना संख्यांची जोड मिळाली १७व्या शतकात. फ्रेंच गणिती देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७चा. त्याचाच देशबंधू फर्मा याने तीच कल्पना त्याच सुमारास स्वतंत्रपणे मांडली, पण ती छापून आली त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ मध्ये. आपल्या आलेखाच्या वहीतले चार चरण (दोन अक्षांनी पाडलेले धन-ऋण निर्देशकांचे चार भाग) मात्र देकार्तच्या ग्रंथात शोधू नयेत. ऋण निर्देशक त्याने वापरलेच नाहीत. ते सर्रास दिसतात न्यूटनच्या १७०४ साली छापलेल्या, त्रिघाती वक्रांवरच्या प्रबंधात. ऋण संख्यांचे नियम तर ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच लिहून ठेवले होते: शून्यातून ऋण वजा केले की धन.

अ(−४, ३), ब(६, −१), ग(१, ४) घ्या. ग म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंची सरासरी, म्हणून आधी ग ची तिप्पट आणि मग दोन्ही ज्ञात बिंदू वजा.

क्ष = ३ − (−४) − ६ = १
य = १२ − ३ − (−१) = १०

क(१, १०). कंस गाळला की ३ − ४ − ६ होऊन −७ येते. तिपटीऐवजी तिनाने भागणे ही दुसरी नेहमीची चूक. पडताळ्याला दहा सेकंद लागतात: (−४ + ६ + १) ÷ ३ = १, (३ − १ + १०) ÷ ३ = ४.

१८२७ मध्ये जर्मन गणिती मोबियसने शिरोबिंदूंवर वजने ठेवून बिंदूची जागा सांगण्याची पद्धत मांडली आणि ऋण वजनेही चालवून घेतली. त्या नजरेने क म्हणजे ग वर ३, अ आणि ब वर प्रत्येकी −१, बेरीज १.