ठिपका विदगावच्या पुलावर, पोरगी जळगावात

चोपड्याहून एसटीने जळगावच्या कॉलेजला निघालेली मुलगी आईच्या फोनमधल्या नकाशावर वीस मिनिटं तापीच्या पुलावर, विदगावलाच उभी दिसते. आईच्या पोटात गोळा येतो. संध्याकाळी वडील विचारतात, "तिथं उतरून कोणाला भेटत होतीस?" पोरगी तर तेव्हा जळगावच्या स्टँडवर पोहोचलेली होती. अशा भांडणांत घरच्यांचा एकच आधार असतो: वरून उपग्रह बघतोय, तो कशाला खोटं सांगेल?

उपग्रह कोणालाही बघत नाही. जीपीएसचा उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक क्रमांकाचा, मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. फोन ते नुसतं ऐकतो, उलट काही पाठवत नाही. तुम्ही रावेरला रेडिओ लावलात की यावलला, हे आकाशवाणी जळगावला कळत नाही, तसंच हे. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची आवई उठली होती. बॅटरी नाही, पाठवण्याची सोय नाही, अशी चिप नोटेत असती तरी तिने स्वतःचा पत्ता स्वतःलाच सांगितला असता! शिकलेल्या माणसांनीही ती पुढे पाठवली होती.

खरी गंमत घड्याळांची आहे. उपग्रहाचा संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते कळलं की त्याला प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटरने गुणायचं, की अंतर मिळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण उपग्रहात अतिशय अचूक असं अणुघड्याळ असतं आणि आपल्या फोनात स्वस्तातलं क्वार्ट्झ. ते सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० किलोमीटरने चुकतं, म्हणजे जळगावहून निघून नाशिकही मागे पडलं. यावर तोडगा म्हणजे चौथा उपग्रह. फोनचं घड्याळ एकच असल्यामुळे चारही अंतरं सारख्याच किलोमीटरने चुकलेली असतात. फोन आपलं घड्याळ हिशेबात मागेपुढे सरकवत राहतो, आणि चारही अंतरं एकाच बिंदूत जुळतात ती खरी वेळ. चार समीकरणं, चार अज्ञातं: अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक. म्हणजे जागा शोधता शोधता फोनला अणुघड्याळाची वेळ फुकटात मिळते.

मात्र हा संदेश अतिशय क्षीण असतो. एसटीचा पत्रा किंवा घराचा स्लॅब त्याला अडवतो. भिंतीवर आपटून तो ३० मीटर लांबून आला, तर त्या उपग्रहाचं अंतर तेवढंच चुकतं. मग फोन आसपासचे वायफाय आणि टॉवर धरतो. कोणता वायफाय राउटर कुठे आहे याची यादी कंपन्यांकडे असते. धुळ्याचं बिऱ्हाड राउटरसकट जळगावला हललं, तर यादी सुधारेपर्यंत ठिपका धुळ्यात जाऊन बसू शकतो. केळीच्या पट्ट्यात नुसत्या टॉवरवर भिस्त असेल, तर चूक किलोमीटरच्या घरात जाते.

म्हणून ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघावं. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ, माणूस वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. तीनातून एकदा तो बाहेरच असणार. आणि त्याआधी बघायची ती, ही जागा कधीची आहे ते सांगणारी बारीक अक्षरातली वेळ. रेंज गेली किंवा बॅटरी सेव्हर चालू झाला की फोन नवी जागा कळवत नाही, घरच्यांना शेवटची कळवलेली दिसत राहते. विदगावला मुलगी थांबली नव्हती, माहिती थांबली होती.

माहिती बाहेर जाते ती फोनच्या इंटरनेटवरून, कोणीतरी दिलेल्या परवानगीने. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून 'लोकेशन शेअरिंग' उघडलं की कोणाला दिसतंय ते कळतं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं. बसप्रवासाला ८ तास कशाला? हवामानाच्या ॲपलाही अंगण दाखवायची गरज नाही. अँड्रॉइड १२ पासून त्याची 'अचूक लोकेशन' परवानगी काढता येते, मग त्याला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा पट्टाच कळतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी एका माणसाने दुसऱ्याची माहिती वापरली तर लागूच होत नाही, तेव्हा घरातला असा वाद त्यात सुटणार नाही.

घरोघरी मोठं भोक वेगळंच असतं. आईचा नवा फोन भाच्याने स्वतःच्या जीमेलवर चालू करून दिलेला असतो. त्या जीमेलवरून भाचा 'फोन शोधा' सोय उघडून आईचा फोन कुठे आहे ते बघू शकतो. सेटिंगमध्ये 'गूगल' उघडा, वर कोणाचा ईमेल आहे ते वाचा. परका असेल तर आधी आईचं स्वतःचं खातं जोडा, नंबर आणि फोटो त्यात घ्या आणि मगच भाच्याचं काढा. उलट क्रमाने केलंत तर त्या खात्यात साठवलेले नंबर फोनवरून एका झटक्यात जातात.