गृहकर्ज थकलं, बँकेची नोटीस आली: हरकत कशी घ्यायची, कागदपत्रं कोणती

नाशिकमध्ये अंबडच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला, की पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचा हप्ता आधी अडकतो. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं आणि तारण मालमत्तेतून कर्ज वसूल करण्याच्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस घरी येते. काही जण ती कपाटात टाकतात, काही घर गेलंच समजून सावकाराचं दार गाठतात. पण ही नोटीस म्हणजे जप्ती नव्हे. तिच्या तारखेपासून ६० दिवस तुमच्या हातात असतात.

याच काळात बँकेला लेखी हरकत द्या. छापील नमुना लागत नाही, साधा कागद चालतो. कर्ज खाते क्रमांक, नोटिशीची तारीख, हप्ता का थकला, कोणती रक्कम मान्य नाही आणि दरमहा किती भरू शकता, एवढं नेमकं लिहा. 'सहकार्य करावे ही विनंती' एवढ्यावर थांबू नका, आकडा द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायचा असेल किंवा एकरकमी तडजोड हवी असेल, तर तेही इथेच मांडा. ते मंजूर करणं बँकेवर बंधनकारक नाही. पण हरकत फेटाळली तर १५ दिवसांत कारणांसह कळवणं बंधनकारक आहे. शाखेत अर्ज दिलात तर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. साहेबांशी तोंडी बोलणं झालं होतं, याला पुढे कुणी विचारत नाही.

सोबत कर्ज मंजुरीपत्र, करारनामा, कर्जखात्याचा पूर्ण उतारा, भरलेल्या हप्त्यांचा पुरावा आणि अडचणीचा कागद जोडा: कामावरून कमी केल्याचं पत्र, पगारपत्रक, दवाखान्याची बिलं किंवा मृत्यू दाखला. नोटिशीचं पाकीटही जपून ठेवा, त्यावर टपालाची तारीख असते. उताऱ्यात दंड नीट तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही. फक्त दंडशुल्क, आणि त्यावर पुन्हा व्याज नाही.

मुळात हा कायदा लागू होतो का, हेही पाहा. शेतजमिनीवरचं तारण, एक लाखापर्यंतची थकबाकी, किंवा मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी बाकी असेल, तर तो लागू होत नाही. एनए, म्हणजे बिगरशेती, झालेल्या प्लॉटवरच्या बंगल्याला 'पूर्वी इथे द्राक्षबाग होती' म्हणून सूट मिळत नाही. सहकारी बँकेला हा कायदा वापरता येतो. पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ ने होते, तिची वाट वेगळी.

६० दिवसांनंतर बँक कलम १३(४) खाली ताबा घेऊ शकते. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ चा अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, करता येतो. सहकर्जदार आणि जामीनदारही करू शकतात. नाशिकला डीआरटी नाही, म्हणून वकील आणि प्रवास यांची तजवीज पहिल्या आठवड्यातच करा. स्थगिती मागितली तर काही रक्कम भरायला सांगितली जाण्याची शक्यता धरून चाला. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात चौकशी करा. सातपूर-अंबडच्या कामगारांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

बँकच चुकत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जावं लागतं. वसुली एजंटाचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर आला, तर वेळ टिपा आणि कॉलची नोंद तक्रारीला जोडा. लोकपालाकडे तक्रार केली म्हणून वरचे ४५ दिवस थांबत नाहीत.

पूर्ण थकबाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. नातेवाइकांकडून पैसे उभे करत असाल, तर त्यांना लिलावाची नव्हे, ही जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याची तारीख सांगा.